‘आता माघार नाही’ म्हणणाऱ्या माणसाशी बोलताना

“शहाणासुरता माणूस आहे हो, पण अडचणीत आल्यापासून वेड्यागत करतोय.” बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातून समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बायका, आया, भाऊ हे वाक्य थोड्याफार फरकानं बोलतातच. कुणाच्या मुलानं एक कर्ज फेडायला दुसरं काढलेलं असतं. कुणाच्या नवऱ्यानं दावणीची म्हैस विकून पैसे दुप्पट करून देणाऱ्याच्या हाती दिलेले असतात. कुणाची बहीण घरातल्या कटकटीला कंटाळून, धड न बघितलेल्या स्थळाला होकार देऊन बसलेली असते. घरच्यांना याचे दोनच अर्थ सुचतात. एकतर याची बुद्धी फिरली, नाहीतर याला आमची पर्वा राहिली नाही. मला बहुतेक वेळा तिसरंच काही दिसतं, आणि ते एका जोडप्याच्या अनुभवातून सांगते. त्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जोडपं निपाणीकडचं. नवरा पंचेचाळिशीचा, थोडा ऊस, थोडी तंबाखू. गावातल्या मंडळाचा जुना कार्यकर्ता, शिवजयंतीला मुलांपुढं उभा राहिला की तासभर खिळवून ठेवणारा. वडिलांच्या आजारपणात सोसायटीचं कर्ज थकलं, बोअरला पाणी लागलं नाही, कारखान्याचं बिल लांबलं. मग एका सौहार्द सहकारी पतसंस्थेचं कर्ज, मग बायकोच्या नावावर महिलांच्या संघाचं सूक्ष्म कर्ज. भाचीच्या लग्नाला जाताना बायकोनं कपाट उघडलं तेव्हा पाटल्या जागेवर नव्हत्या. त्या गहाण टाकून आलेले पैसे मोबाईलवरच्या रमीत गेले होते.

माझ्यासमोर बसल्यावर बायको रडत होती आणि ते ताठ बसले होते. म्हणाले, “मॅडम, आता माघार नाही. एक डाव लागला की सगळं फिटतंय. पानिपतावर भाऊसाहेब मागं फिरले काय?”

या बोलण्याला लगेच उत्तर द्यायचं नसतं. बायकोला थोडा वेळ बाहेर बसायला सांगून मी सरळ विचारलं, “जीव द्यावा असं मनात येतं का?” असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती लोकांना फार असते. प्रत्यक्षात विचारल्यानं माणूस मोकळा होतो. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “रात्री येतंय. दिवसा नाही.” त्या दिवशी बाकी काही बोलायच्या आधी आम्ही तेवढंच केलं. बायकोला आत घेतलं, मेव्हण्याला फोन लावला. शेतीची औषधं घरातून हलवून कुलपात ठेवायची आणि किल्ली मेव्हण्याकडे द्यायची ठरलं. काही दिवस रात्री तोच सोबतीला राहणार होता. झोप उडालेली होती, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. “आता माघार नाही” हे शब्द घरात कुणी वारंवार बोलत असेल, तर त्याच्या पोटात काय आहे हे आधी बघा. कर्जाचा हिशेब नंतर.

पुढच्या भेटीत त्यांच्या बायकोनं तोच प्रश्न विचारला. एवढा हुशार माणूस रमीत पैसे कसा घालतो?

२०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूच्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास आला होता. तोडणीच्या आधी, पैशांची ओढाताण असताना, आणि तोडणीनंतर बिल हातात आल्यावर, त्याच शेतकऱ्यांना बुद्धीची कोडी घातली. माणसं तीच होती. पण बिलाआधी त्यांना कोडी सोडवणं जड गेलं. ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बिल थकलेल्या महिन्यांत घरातला कर्ता माणूस कसा वागतो, हे प्रत्येक घरानं बघितलंय. डोकं सगळं उद्याच्या हप्त्यात गुंतलेलं असतं. परवाचा विचार करायला जागाच उरत नाही.

दुसरी गोष्ट तोट्याची. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलेलं एक कोडं मी त्या गृहस्थांना घातलं. ३००० रुपयांचं नुकसान नक्की सोसायचं, की ४००० चं नुकसान होण्याची ८० टक्के शक्यता घ्यायची, ज्यात २० टक्के शक्यता काहीच न जाण्याची आहे? (मूळ कोड्यात रुपये नव्हते, एवढाच फरक.) ते क्षणभरही थांबले नाहीत. “दुसरं. सुटायची आशा तरी आहे.” त्या दोघांनी विचारलं होतं तेव्हाही ९२ टक्के लोकांनी दुसराच पर्याय घेतला होता. सरासरीनं बघितलं तर तिथं ३२०० जातात, म्हणजे तो महाग पडतो. पण हातचं नक्की जाणार हे मनाला सोसत नाही, म्हणून माणूस जास्त घालवायला तयार होतो. मिळकतीच्या वेळी पै-पै जपणारा माणूस तोट्याच्या वेळी जुगारी होतो तो असा. त्यांच्या बायकोनं हे ऐकलं आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडे रागाशिवाय बघितलं.

आता पानिपत. इतिहास हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय, आणि ज्याच्यावर माणसाचा जीव आहे तिथूनच त्याच्याशी बोलता येतं अशी माझी ठाम समजूत आहे. मी म्हटलं, “तुम्ही मुलांना १४ जानेवारी १७६१ सांगता. त्याआधीचे अडीच महिने सांगता का?” त्यांना सगळं तोंडपाठ होतं. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतलं, पण अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि दिल्लीची वाट तुटली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद आटली. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायकामुलं आणि यात्रेकरूही होते. अब्दालीकडे असलेल्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या मार्फत तहाची बोलणी चालली होती. सरदारांनी भाऊंपुढं येऊन ‘उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू’ म्हटलं, ते सगळ्यात शेवटी. हे सांगता सांगता ते स्वतःच थांबले.

“म्हणजे भाऊंनी तहाचं बघितलं होतं,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही?”

त्यांनी कुणाशीच बोलणी केली नव्हती. बँकेत गेले नव्हते, संस्थेच्या सेक्रेटरीला टाळत होते, भावाला काही सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवशीची लढाई त्यांनी पहिल्याच दिवशी सुरू केली होती. इतिहासातल्या हताश क्षणांबद्दल आपण बोलतो तेव्हा फार अन्याय करतो असं मला वाटतं. शेवटची उडी तेवढी लक्षात ठेवतो आणि तिच्याआधी ठोठावलेली दारं विसरतो. व्याख्यानाला तीच उडी शोभते, हेही खरं.

मग मी विचारलं, “जून १६६५ मध्ये महाराजांनी काय केलं?” पुरंदरला मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखानाचा वेढा, वज्रगड पडलेला, मुरारबाजी देशपांडे पडलेले. महाराजांनी २३ किल्ले देऊन १२ राखले. आपल्याकडे याचे पोवाडे कमी आणि पानिपताच्या कथा जास्त. पण राखलेले ते १२ किल्ले आणि जिवंत राहिलेली माणसं होती, म्हणून १६७० मध्ये कोंढाणा आणि पुरंदर परत आले आणि १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला. कोंडीत सापडलेल्या माणसानं काय द्यायचं यापेक्षा काय राखायचं हे आधी ठरवावं, हे मला या तहातून दिसतं. मी त्यांना कागद दिला आणि म्हटलं, “तुमचे १२ किल्ले लिहा.” त्यांनी लिहिलं: बायको, दोन पोरं, विहिरीचा वाटा, एक एकर, मंडळ. आणि थोडं थांबून, “आवाज.” व्याख्यानाचा आवाज.

देण्याच्या रकान्यात मोटारसायकल आली, रस्त्याकडेचा तुकडा आला आणि चारचौघांतली अब्रू आली. अब्रू लिहायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यांचे वडील १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू आंदोलनात पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले होते. शरद जोशींच्या मागं आलेले हजारो शेतकरी, आणि एप्रिलमध्ये झालेला गोळीबार. शेतकरी मेले त्यात. “माझा बाप हरला नाही, आणि मी बँकेत हात जोडायचे?” मी विचारलं, ते रस्त्यावर एकटे बसले होते का? तेव्हाही भाव मिळेना म्हणून लोक टेकीला आले होते. फरक एवढा, की ते आपली अडचण चव्हाट्यावर घेऊन गेले. त्यांचा हा मुलगा मात्र मोबाईल घेऊन मध्यरात्री माळ्यावर जात होता.

त्यांनी नोटिसांचं पुडकं आणलं, तेव्हा एक गोष्ट उघड झाली. ती आपल्या सीमाभागात मी सारखी बघते. त्यातले बरेच लखोटे फोडलेलेच नव्हते. बाजारात, बसमध्ये त्यांचं कन्नड झकास चालतं, पण कचेरीचं कन्नड वाचता येत नाही आणि वाचायला कुणाला द्यावं तर गावभर होईल. मला कन्नड वाचता येतं. ज्या कागदाला ते महिनोन् महिने लिलावाची नोटीस समजत होते, त्यात लिलावाचा शब्दही नव्हता. थकबाकीबाबत पंधरा दिवसांत शाखेत येऊन भेटा, एवढंच होतं. तो माणूस न गेलेल्या जमिनीचा शोक करत होता आणि त्या भरात पाटल्या घालवून बसला होता. म्हणून सांगते, घरात न वाचलेला सरकारी कागद ठेवू नका. गावात नको असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीत न्या. तिथं मोफत सल्ला मिळतो, १५१०० या क्रमांकावरही मिळतो, आणि बँकेची थकबाकी लोकअदालतीत तडजोडीनं मिटवता येते.

त्यांच्या बायकोचा एक सल अजून बाकी होता. तिनं माहेरी ‘एकच प्याला’ बघितलं होतं. कोर्टात अपमान होऊन सनद गेलेला सुधाकर पहिला प्याला घेतो आणि संसार धुळीला मिळतो. “हेही तसेच जाणार,” असं तिनं मनाशी धरलं होतं, आणि म्हणून ती घरात रात्रंदिवस पहारा करत होती, खिसे तपासत होती. गडकऱ्यांचा सुधाकर मला खोटा वाटत नाही. मानभंग झालेला बुद्धिमान माणूस कसा कोसळतो हे त्यांनी नेमकं पकडलंय. पण शोकांतिका लिहिणाऱ्याला एकेक दार बंद करत जावं लागतं, नाहीतर नाटक दुसऱ्या अंकातच सुटेल. घरात तसं कुणी दार बंद करत बसलेलं नसतं. मी तिला पहारा सोडायला सांगितला नाही, रूप बदलायला सांगितलं. खात्यात आलेले पैसे दोघांच्या सहीनं निघतील, मोबाईलवरचे व्यवहार बंद, आणि महिन्याच्या ठरल्या दिवशी दोघांनी पासबुकं घेऊन बसायचं. टोमणे त्या दिवशीही मारायचे नाहीत. हे शेवटचं तिला फार जड गेलं, आणि का जड गेलं हे मला समजत होतं. पाटल्या तिच्या आईच्या होत्या.

रस्त्याकडेचा तुकडा विकला गेला. सौहार्दचं खातं तडजोडीत मिटलं, सोसायटीचे हप्ते चालू आहेत. संघाच्या वसुलीला आलेला माणूस दारात आवाज चढवायचा, तेही थांबलं. सूक्ष्म कर्जाच्या वसुलीतल्या जबरदस्तीविरुद्ध कर्नाटक सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढला, त्याचा आधार घेऊन त्यांच्या बायकोनंच त्याला पोलिसांत जाण्याचं बोलून दाखवलं. पाटल्या परत आलेल्या नाहीत. रमी मधे एकदा पुन्हा झाली; दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बायकोला सांगितलं, आणि मी ते पुढं पडलेलं पाऊल धरते. गेल्या शिवजयंतीला त्यांनी मुलांना पुरंदरचा तह सांगितला. मुलांनी विचारलं, किल्ले देताना महाराजांना वाईट वाटलं असेल का? त्यावर ते अर्धा तास बोलले म्हणे.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर “असं का केलंस?” हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. “तेव्हा तुला काय काय दिसत होतं?” असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे. बेळगावात जिल्हा रुग्णालयात आणि धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत मानसोपचाराची सोय आहे. पहिल्या भेटीला माणूस एकटा जायला तयार होत नाही, तेव्हा सोबत जा आणि बाहेर बाकावर बसा.