एक डोमकळी आणि वीस बोंडं

प्रश्न : 2017 साली बोंडअळीनं आमची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी खाल्ली. तेव्हापासून धुऱ्यावर एक डोमकळी (अळीमुळं न उमललेलं, मिटलेलं फूल) दिसली की यांच्या पाठीवर पंप चढतो. कृषी सहायक म्हणतात, आधी मोजा. हे म्हणतात, “डोळ्यानं दिसते तं मोजाचं काय?” बारावी शिकलेला माणूस असं का करतो?
– एक वाचक, घाटंजी तालुका

उत्तर : ताई, शिक्षणाला बोल लावू नका. मी तीस वर्षं गणित शिकवलं, तरी कोठ्यात साप निघाला त्या पावसाळ्यात दावं दिसलं तरी उडी मारायचो.

एखादी गोष्ट किती वेळा घडते हे मन मोजत नाही. ती किती चटकन आठवते, त्यावरून अंदाज बांधतं. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली हे दाखवलं. इंग्रजीत ‘के’नं सुरू होणारे शब्द जास्त, की तिसरं अक्षर ‘के’ असलेले? अशा पाच अक्षरांबद्दल त्यांनी विचारलं. 152 पैकी 105 जणांनी बहुतेक अक्षरांसाठी पहिल्या जागेला कौल दिला. खरं होतं उलटं. पहिल्या अक्षरावरून शब्द आठवणं सोपं, एवढंच. यजमानांना त्या सालची कवडी, म्हणजे किडका कापूस आठवतो. ज्या वर्षी अळी आली नाही, त्या वर्षाचं आठवायचं तरी काय?

त्याच 2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. ते मात्र पंप उचलताना आठवत नाही. ते दुसऱ्याच्या वावरात घडलं ना!

तरी त्यांची भीती खोटी नाही. ही अळी बोंडाच्या आत बसते, बाहेरून कळत नाही. म्हणजे डोळा दोन्हीकडून फसवतो : आज डोमकळी पाहून फवारणारा उद्या डोमकळी नाही म्हणून निर्धास्त झोपेल.

म्हणून वाद घालू नका. वावरभर आडवंतिडवं फिरून 20 हिरवी बोंडं तोडा. तुम्ही तोडा, ते गेले तर छिद्राचीच आणतील. ओट्यावर बसून दोघांनी फोडा. दोन किंवा जास्त बोंडं किडकी निघाली, तर फवारणी. कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा) असेल तर एका सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 पतंग, ही मर्यादा. हे आकडे बोंडं तोडायच्या आधी कॅलेंडरवर त्यांच्याच हातानं लिहून घ्या. नंतर लिहिले, तर दोनाचा एक व्हायला वेळ लागत नाही.