एनआयओएसची दहावी: पहिल्या महिन्यातच लावायच्या सवयी

ताई, एनआयओएस म्हणजे घरून शिकायचं, केंद्र सरकारचं मुक्त शालेय मंडळ. इथे रोज हजेरी घेणारं कुणी नाही, हे आधी मुलाच्या आणि तुमच्याही गळी उतरवा. प्रवेश 5 वर्षं चालतो, म्हणूनच 'पुढच्या सत्रात बघू' सुरू होतं. विषय 5, त्यात किमान एक भाषा. उत्तीर्ण व्हायला 33 टक्के.

खरा घोळ टीएमएचा, म्हणजे स्वाध्यायांचा. त्यांना 20 टक्के वजन, तरी निम्मे लोक शेवटच्या रात्री बसतात. उत्तरं मुलानेच हाताने लिहायची. कागद खिडकीपाशी ठेवून दिवसाउजेडी स्कॅन करा. ट्यूबलाइटखाली मोबाइलची सावली पडते आणि कडेच्या ओळी पुसट येतात. एका विषयाची पानं क्रमाने एकाच पीडीएफमध्ये घ्या. अपलोड झाल्यावर फाइल पुन्हा उघडून पाहा, स्क्रीनशॉट ठेवा.

लाइव्ह तासाला हेडफोन, वही, चार्जर हाताशी. शेजारी बसून उत्तरं पुटपुटू नका. शिक्षकांना ऐकू जातं, आणि मुलाचं अडतंय कुठे ते कुणालाच कळत नाही. रविवारी मात्र वही उघडायला लावा.

नोंदणीला तुमचाच चालू नंबर द्या. रिचार्ज संपलेलं जुनं सिम नको, ओटीपी नोंदवलेल्या नंबरवरच येतो.