घर रुळावर अडकतं तेव्हा कॅमेरा कुठे असतो?

प्रिय,

अनेक आशीर्वाद. धडपडीचा विनोद शिकायचाय ना, मग लांबलचक यादी नको. तीनच लघुपट घे आणि पुन्हापुन्हा बघ.

आधी प्रतीचा वेग तपास. 35 मिमीचं एक रीळ सुमारे 1000 फुटांचं. सेकंदाला 24 फ्रेमनी ते 11 मिनिटांत संपतं, 16 फ्रेमनी साडेसोळा मिनिटं चालतं. मूकपट हाताने हँडल फिरवून टिपत, त्यामुळे वेग एकसारखा नसे. प्रत फार वेगाने चालली की पडण्यातलं वजनच जातं. साधं चालणाराही टुणटुण उडताना दिसला, तर दुसरी प्रत शोध.

मग मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटनचा 'वन वीक' (1920). सुटे भाग जोडून उभारायचं घर, आणि प्रतिस्पर्ध्याने बदललेले पेट्यांवरचे आकडे. शेवटी ते वेडंवाकडं घर रेल्वेरुळांवर अडकतं. गाडी येते आणि शेजारच्या रुळावरून निघून जाते. सुटलो म्हणेपर्यंत उलट दिशेने दुसरी गाडी येऊन घराचा चुरा करते. हा तुकडा पाठ होईस्तोवर बघ. कॅमेऱ्याचा कोन असा आहे की पहिली गाडी नेमकी कुठल्या रुळावर आहे, हे ती घराजवळ पोचेपर्यंत कळत नाही. टक्कर मात्र लांबून, सगळं घर चौकटीत ठेवून दाखवलीय. नवखा माणूस इथे हटकून कट मारतो, म्हणजे दृश्य तोडून दुसरं जोडतो, आणि प्रेक्षकाचा विश्वास उडतो. तू फोनवर चित्रण करशील तेव्हा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसू दे, पडायची जागाही आधीच चौकटीत असू दे.

'बिग बिझनेस' (1929) मध्ये लॉरेल आणि हार्डी ही विनोदी जोडी ख्रिसमसची झाडं विकायला निघते आणि एका घरमालकाशी (जेम्स फिनलेसन) जुंपते. ते त्याचं घर मोडतात, तो त्यांची मोटार. सुरुवातीला नजर नुकसान होणाऱ्यावर ठेव. तो अडवत नाही, उभा राहून बघतो, मग आपली पाळी घेतो. दोन्ही बाजू पहिल्यापासूनच एकमेकांवर तुटून पडल्या असत्या तर ती नुसती मारामारी झाली असती. पुढे धुमश्चक्री होतेच, पण तोवर दोन्ही बाजूंचा हट्ट आपल्याला पुरता कळलेला असतो.

'द म्युझिक बॉक्स' (1932) बोलपट आहे. लॉरेल-हार्डींनी पियानोची पेटी लॉस एंजेलिसच्या लांबलचक जिन्यावरून वर न्यायची, एवढीच गोष्ट. एकदा आवाज बंद करून बघ, एकदा डोळे मिटून फक्त ऐक: पेटीतल्या तारांचा खणखणाट घसरगुंडी किती पेलतो ते कळेल. मग घड्याळ लावून, प्रत्येक घसरणीआधी दोघं किती सेकंद निवांत उभे आहेत, ते लिहून काढ. त्या नोंदी मला पाठव.