नवऱ्याचं डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) झालंय, तरी शाळेची ऑफिसवाली बाई कलम 128 साठी अडून बसलीये. हे काय नवीन?

ती अडून बसलेली ऑफिसवाली बाई म्हणजे मीच समजा. शाळा वेगळी असेल, बाई तीच.

तुमच्या मिस्टरांना इंग्लंडमधल्या खाजगी शाळेने ट्रस्टी म्हणून बोलावलंय ना? कलम 128 म्हणजे अशा शाळेच्या कारभारात भाग घ्यायची बंदी. नुसत्या एनहान्स्ड, म्हणजे सविस्तर, डीबीएसवर ही बंदी दिसत नाही. बार्ड लिस्टसकट (मुलांसोबत काम करायला मनाई असलेल्यांची यादी) मागवलं आणि फॉर्मवर ‘चाइल्ड वर्कफोर्स इंडिपेंडंट स्कूल्स’ लिहिलं, तरच दिसते. ज्या ट्रस्टीचा मुलांशी थेट संबंध नाही त्याची बार्ड लिस्ट मागवताच येत नाही. म्हणून शिक्षण खात्याच्या ऑनलाइन नोंदीत नाव वेगळं बघायचं. पाच मिनिटांचं काम.

आमच्या चेअरमननी स्वतःच्या मेव्हण्याला ट्रस्टी केलं. चेअरमन आपल्यातलेच, मराठी. या तपासणीसाठी मेव्हण्याची जन्मतारीख मागितली तर म्हणाले, “मॅडम, आमच्या घरचा माणूस आहे, चोर नाही.” घरचा आहे तर घरीच ठेवा, असं मी म्हणायला हवं होतं. प्रत्यक्षात तीन ईमेल टाकले, अगदी ‘काइंड रिमाइंडर’वाले. तोवर मेव्हणे मीटिंगा करून बजेटवर मतंही द्यायला लागले. मग एका सोमवारी इन्स्पेक्शनचा फोन आला आणि तासाभरात जन्मतारीख व्हॉट्सअ‍ॅपवर हजर! नाव स्वच्छ होतं. पण सिंगल सेंट्रल रेकॉर्डमध्ये, म्हणजे शाळेच्या सगळ्या तपासण्यांच्या नोंदवहीत, तपासणीची तारीख पडली ती पहिल्या मीटिंगनंतर सहा आठवड्यांची. इन्स्पेक्टरचं बोट नेमकं तिथेच थांबलं. उत्तर द्यायला आत कोणाला बोलावलं? मला.

चेअरमन अजून गणपतीत भेटले की विचारतात, “काय मॅडम, निघालं का काही?” अहो, बघितल्याशिवाय ‘काही नाही’ हे तुम्हाला कळलं कसं?

आणि ही बंदी फक्त तुरुंगात जाऊन आलेल्यांवर येते असं नाही. 2008 च्या एज्युकेशन अँड स्किल्स अ‍ॅक्टखाली शिक्षा, कॉशन (पोलिसांची औपचारिक ताकीद) किंवा नुसती वागणूकही पुरते. लोकशाही, कायद्याचं राज्य, परधर्माबद्दलचा आदर यांना सुरुंग लावणारं वागणं त्यातच येतं. बंदी घालणाऱ्या मंत्र्यांच्या आदेशावर ट्रायब्युनलकडे अपील करता येतं. हेड आणि गव्हर्नरही यातून सुटत नाहीत, अकॅडमी शाळाही (सरकारी पैशावर चालणाऱ्या, पण स्वतंत्र कारभाराच्या) नाहीत.

मी वकील नाही, आणि हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडचे कायदे वेगळे.

मिस्टरांना म्हणावं, जन्मतारीख आजच पाठवा. त्या बाईंचा तिसरा ईमेल एव्हाना येऊन पडला असेल.