आबांना सांग, पोराला आखाड्यावर कोंडू नका

परभणी जिल्ह्यातल्या एका ताईचं पत्र आलंय, नाव-गाव देत नाही, थोडक्यात सांगते: "मावशी, माझा धाकटा भाऊ 22 वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो, तालुक्याला रूम करून राहतो. दिवाळीपासून घरी आला की एकतर दोन-दोन दिवस झोपतो नाहीतर रात्रभर जागा, मोबाईलवर कुणीतरी नजर ठेवतंय म्हणतो. परवा मायवर हात उगारला. सकाळी चहा घेताना हात इतका थरथरत होता की अर्धा चहा बशीत. बॅग बघितली तर सुया, इंजेक्शनची छोटी बाटली, गोळ्यांची पाकिटं आणि खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली निघाली. गांजा ओढतो हे आधीच माहीत होतं. आबा म्हणतात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोलीत, नेऊन पंधरा दिवस कोंडतो, आपोआप उतरंल. हे सगळं नक्की काय आहे, मी काय करू, आणि सासरी सांगू का?"

पोरी, सगळ्यात आधी आबांना थांबव. त्यांचा राग मला कळतो, काळजीपोटीच बोलायलेत ते, पण त्या बॅगेतलं एक असं आहे की ते एकदम बंद केलं तर जीवावर बेततं, आणि आखाड्यावर रात्री दोन वाजता पोराला फिट आली तर तिथं कोण आहे?

आपल्याकडं नशा म्हटली की दारू, गांजा, गोळी, इंजेक्शन सगळे एकाच माळेचे मणी समजतात. तसं नाही. प्रत्येकाचं शरीरात काम वेगळं, उतरताना त्रास वेगळा.

गोळ्यांचं आधी बघ. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं, कात्रीनं कापलेलं असलं तरी एखाद्या तुकड्यावर सापडतं. शेवट 'झोलम' किंवा 'झेपाम' असा असला, म्हणजे अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, तर ह्या सगळ्या एकाच घरच्या. संभाजीनगरात पोरं ह्यांनाच बटन म्हणतात. झोपेच्या, घाबरेपणाच्या ह्या गोळ्या, डॉक्टरनं थोड्या दिवसांसाठी दिल्या तर उपयोगाच्याच, पण रोज मूठभर खाल्ल्या की मेंदूला शांत ठेवायचं काम ती गोळीच करायला लागते आणि मेंदू स्वतःचं काम सोडून देतो. उतारावर ट्रॉलीच्या चाकाला लावलेला दगड कुणी झटक्यात काढला तर काय होतं ते आबांना सांगायला नको, गोळी एकदम बंद केल्यावर डोक्यात तेच होतं. हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते, भास होतात, आणि फिट येते. अल्प्राझोलमसारख्या लवकर उतरणाऱ्या गोळीचा त्रास एक-दोन दिवसातच सुरू होतो, डायझेपामचा आठवड्यानं सुद्धा होऊ शकतो, म्हणजे घरच्यांना वाटतं पोरगं सुधारलं आणि मग फिट येते. तो बशीतला चहा मला म्हणूनच साधा वाटत नाही.

तेलंगणात भेसळीच्या शिंदीत हीच अल्प्राझोलम घालतात, आणि धाड पडून शिंदी बंद झाली की पिणारी माणसं बरळत, फिट येऊन दवाखान्यात भरती होतात. आबांना हे नक्की सांग, शिंदीचं उदाहरण त्यांना पटेल. ह्या गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करतात, कित्येक आठवडे लागतात, आणि तेच बरोबर आहे. चिठ्ठीशिवाय ह्या द्यायच्याच नसतात, मेडिकलवाल्यानं डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरला लिहून ते 3 वर्षं जपायचं असा नियम आहे, तरी पोरांना मिळतात, ह्याचा मला मनापासून संताप येतो.

आता इंजेक्शन. बाटलीवर मेफेन्टरमिन लिहिलंय का बघ, मला तोच संशय आहे. ऑपरेशनच्या वेळी कमरेत भूल दिल्यावर बीपी एकदम खाली जातं तेव्हा ते वर आणायला हे वापरतात, तेही ऑपरेशन थिएटरमध्ये, डॉक्टरच्या नजरेसमोर. जिममध्ये आणि भरतीच्या पोरांमध्ये ते स्टॅमिनाचं म्हणून पसरलंय. 1600 मीटर पळताना दम लागत नाही असं वाटतं, खरं म्हणजे दम लागलेला कळत नाही, हृदय मात्र फुटेस्तोवर धावत असतं, बीपी चढतं, त्यात तरण्याताठ्या पोराला सुद्धा हार्ट अटॅक किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रोज घेतलं की झोप जाते, भूक जाते, आणि मग संशय सुरू होतो, कुणीतरी माग काढतंय, मोबाईल ऐकतंय. एमडी म्हणतात ती पावडर, मेफेड्रोन, तीही ह्याच जातीची. तुझ्या भावाचा तो नजर ठेवण्याचा विषय बहुतेक इथूनच आलाय, त्याच्याशी त्यावर वाद घालू नको, त्याला ते खरंच तसं दिसतंय. आणि मला जे चित्र दिसतंय ते असं, की पहाटे पळायला इंजेक्शन, रात्री ते उतरून झोप यावी म्हणून गोळी, सकाळी गोळीची गुंगी घालवायला परत इंजेक्शन. मस्ती म्हणून नाही गं, भरती निघेल ह्या आशेनं घुसला असणार ह्यात.

इंजेक्शन सुटल्यावर माणूस दोन दिवस झोपतो आणि उठल्यावर मन इतकं खचतं की जगावंसं वाटत नाही. आखाड्याला माझा विरोध आहे त्याचं दुसरं कारण हे, आखाड्यावर फवारणीचं औषध असतं. घरात असो की शेतात, ते आजच्या आज कुलपात जाऊ दे आणि किल्ली आबांच्या कमरेला. आणि त्याला सरळ विचार, मरावंसं वाटतं का रे, असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

खोकल्याच्या औषधात कोडीन असलं तर ते अफूच्या घराण्यातलं, यकृतात गेल्यावर त्याचं मॉर्फिन होतं. डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, बद्धकोष्ठ, डुलक्या. सुटताना नाक गळतं, जांभया, अंगदुखी, जुलाब. पण खरं भ्या कशाचं, तर कोडीन, झोपेची गोळी आणि दारू एकत्र झाली की श्वासच मंदावतो. रात्री विचित्र घोरायलाय, हलवून उठत नाही, ओठ निळे पडलेत असं दिसलं तर 'झोपू द्या त्याला' म्हणायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन.

गांजाचं ह्या सगळ्यात मी शेवटी धरते, तो सोडताना सहसा जीव जात नाही, दोनेक आठवडे चिडचिड, झोप नाही, भूक नाही. पण काही पोरांचं डोकं त्यानंच फिरतं, संशयाला खतपाणी मिळतं, म्हणून डॉक्टरला लपवू नको.

आता करायचं काय. सोमवारी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीला घेऊन जा. भरती करायचं म्हटले तर नांदेडचं विष्णुपुरीचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, संभाजीनगरला घाटीचा सरकारी दवाखाना आहे. पाकिटं, बाटली सगळं पिशवीत घालून ने, फेकू नको. तोवर गोळ्या घरच्यांनी हिसकावून संडासात ओतू नका, किती घेतो ते त्याला विचारून कागदावर लिही, आणि त्या मायजवळ ठेवा. मात्र हात जास्त कापायला लागले, बरळला किंवा फिट आली तर सोमवार बघायचा नाही, त्याच रात्री कॅज्युअल्टी. सुई कुणाबरोबर वापरली असेल तर एचआयव्ही आणि काविळीच्या बी, सी ह्या दोन्ही तपासण्या करून घ्या.

पोलीस केस होऊन भरती जाईल ह्या भीतीनं पोरं दवाखान्यात येत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटची माहिती गुप्त ठेवायची असते, आणि 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे नशेच्या पदार्थांविरुद्धच्या, कायद्यात नशा करणारा स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळायची तरतूद आहे. हे त्याला शांतपणे सांग, आणि मायवर हात उगारला तो विषय त्या दिवशी काढू नको, तो नंतर काढायचाच आहे.

भिंतीवर 'न सांगता व्यसन सोडवा' लिहिलेलं असतं त्या नंबरला फोन करू नको, जेवणात गुपचूप काय घालतात कुणाला माहीत. फोन करायचाच असेल तर 14446 ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाईन आहे, फुकट आहे, आणि मन खचलं तर 14416, दिवस-रात्र चालू, मराठीत बोलतात.

सासरचं म्हणशील तर आत्ता सांगायची गरज नाही, माहेरी माय आजारी आहे म्हणून चार दिवस राहा. आबांना बरोबर घे, बाहेर गाडीवर बसवू नको, डॉक्टरच्या समोर बसव. पाकिटावरचं नाव वाचता आलं नाही तर मला कळव, पण माझ्या उत्तरासाठी सोमवार चुकवू नको.