वाचकांचे प्रश्न : ब्लॉक सोडून कोड कधी लिहायला घ्यावा?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. आर्डुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर तिने काळ्या पट्टीवरून चालणारा रोबो केला, प्रोग्रॅम एमब्लॉक या सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक (आज्ञांचे तयार ठोकळे) जोडून. अडथळा कळावा म्हणून एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला आणि वळणावर रोबो पट्टी सोडून जायला लागला. आता सी++ (आज्ञा टाइप करून लिहायची प्रोग्रॅमिंगची भाषा) शिकवावं का? (एक पालक, सातारा)

उत्तर : शिकवा, पण ब्लॉक हळू चालतात म्हणून नव्हे. एमब्लॉकच्या अपलोड मोडमध्ये (प्रोग्रॅम बोर्डातच भरायची पद्धत) ब्लॉकचा सी++ कोड होऊनच तो बोर्डात जातो. घोटाळा सेन्सरच्या वाट पाहण्यात आहे. तो आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. समोर काहीच नसलं की प्रोग्रॅम प्रतिध्वनीसाठी ३०-४० मिलिसेकंद अडकून पडतो. रोबो सेकंदाला ५० सेंमी धावत असेल, तर तेवढ्यात दीड-दोन सेंमी पुढे जातो. वायरमनची काळी चिकटपट्टी जवळपास तेवढीच रुंद असते!

खात्री करायची तर रोबोच्या पुढे अर्ध्या मीटरवर पुठ्ठा धरून चाला. प्रतिध्वनी ३ मिलिसेकंदांत परततो. वळण सुधारलं तर दोष हाच. नाहीतर पट्टीचे सेन्सर आणि मोटरचा वेग तपासा.

उपाय कोडमध्येच आहे. एमब्लॉकमध्ये उजवीकडे दिसणारा कोड आर्डुइनो आयडीईत (कोड लिहून बोर्डात भरायचं सॉफ्टवेअर) घ्या आणि ‘पल्सइन’ची (pulseIn, प्रतिध्वनीची वेळ मोजणारी आज्ञा) ओळ शोधा. तिच्या कंसातली तिसरी किंमत म्हणजे किती मायक्रोसेकंद थांबायचं ते. तिथे ३००० टाका. आवाजाला जाऊन-येऊन सेंटिमीटरमागे ५८ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ४० सेंमीपर्यंतचं सहज दिसेल. मात्र वेळ संपली की उत्तर ० येतं. ‘अंतर २० पेक्षा कमी तर थांब’ ही अट ० लाही लागू पडते आणि रोबो मोकळ्या रस्त्यात ठाण मांडतो. म्हणून ० वेगळा काढा, म्हणजे ० आला तर समोर काही नाही असं धरा. दोन मोजण्यांत ६० मिलिसेकंद जाऊ द्या, कारण आपण वाट पाहणं सोडलं तरी सेन्सरची एको पिन (प्रतिध्वनीचा इशारा देणारी तार) काही काळ वरच राहते. हा वेळ ‘मिलिस’ने (millis, प्रोग्रॅम न थांबवता वेळ सांगणारी आज्ञा) मोजा. ‘डिले’ (delay, प्रोग्रॅम थांबवून ठेवणारी आज्ञा) वापरलात तर पुन्हा पट्टी सुटेल.

बाकी वेग, उंबरठे (सेन्सरचा कोणता आकडा आला की काय करायचं ते), क्रम ठरवायला ब्लॉकच बरे; कोडमध्ये राहून गेलेला अर्धविराम शोधण्यात तास जात नाही.

प्रश्न : यूएसबी केबल काढली की रोबो बंद पडतो. बॅटरी नवी आहे.

उत्तर : बहुधा तुम्ही एमब्लॉकच्या लाइव्ह मोडमध्ये आहात. तिथे प्रोग्रॅम संगणकात चालतो, बोर्ड फक्त हुकूम पाळतो. अपलोड मोडमध्ये जाऊन एकदा बोर्डात भरा.