क्योतोमध्ये सहा आठवड्यांचा जपानी भाषा व पारंपरिक संस्कृतीचा अभ्यासक्रम करण्यासाठी विद्यार्थी व्हिसा लागतो का?

सहसा लागत नाही. ९० दिवसांपर्यंतच्या वास्तव्यासाठीचा अल्पकालीन व्हिसा पुरतो, मात्र भारतीय पासपोर्टधारकांना तो निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो. जपानच्या नियमांनुसार विद्यार्थी म्हणून राहायचे असल्यास सामान्यतः तेथील संस्थेमार्फत इमिग्रेशन विभागाकडून पात्रता प्रमाणपत्र मिळवावे लागते, आणि ही वेळखाऊ प्रक्रिया मुख्यतः याहून दीर्घ अभ्यासक्रमांसाठी आहे. अल्पकालीन व्हिसावर अर्धवेळ नोकरी मात्र करता येत नाही. विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्यांना स्वतंत्र परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करण्याची मुभा असते. हिरागाना आणि काताकाना या लिप्या भारतातच शिकून जाणे उत्तम, कारण सहा आठवड्यांतला वेळ अक्षरे गिरवण्यापेक्षा संभाषण, चहाविधी आणि इकेबाना म्हणजेच जपानी पुष्परचना यांच्यासाठी (क्योतो निवडण्याचे खरे कारण तेच असावे) राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे.